सत्तेचाळीस नंबरचा शिंजीर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. ज्याची तारीख, जागा आणि पुरावा वहीत लिहिता येत नाही ते घडलंच नाही, असंच मानत आलो. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय...

तेव्हा मी नागावच्या शाळेत मास्तर होतो. फावल्या वेळात मुंबईच्या एका म्युझियमसाठी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची यादी करत होतो. कार्तिकात शाळेमागच्या नारळीच्या वाडीत, फुलातला मध पिणारा एक चिमुकला शिंजीर दिसला — पोट पिवळं, आणि गळ्यापासून खाली एकच काळा पट्टा! माझ्या शेहेचाळीस पक्ष्यांत असा एकही नव्हता. बारीक छऱ्याने पाडला, कापूस भरला, पायाला लाल दोऱ्याने ४७ नंबरचं लेबल बांधलं, डबीला लाखेचं सील केलं आणि पार्सल रवाना. यादीत ठसठशीत लिहिलं — नवी जात. यादी छापली जाणार होती, माझ्या नावानिशी!

वाडी शिंपणारी हिराबाई हसली. "मास्तर, त्यो आपला काळा शिंजीरच हाय. पाऊस सरला का कापडं उतरवतो, शिमग्याला नवी घालतो. तुमचा कोट मातर बारा म्हैने त्योच!"

"हिराबाई, हे शास्त्र आहे."

"आसंल. पन पाखरू आमच्या वाडीतलं हाय."

फाल्गुनात, सकाळी आठ वाजता, जास्वंदीवर एक झळझळीत काळा-जांभळा शिंजीर बसला. पोटावर दोन-चार पिवळी पिसं अजून शिल्लक. पायाला लाल दोरा! दुर्बीण लावली. दोन वेढे, वर आडवी गाठ — माझीच. खाली लोंबणारं लेबल... माझ्याच अक्षरात ४७!

"बगा! आला का न्हाय कापडं बदलून?" हिराबाई ओरडली. म्हणजे तिलाही दिसत होता!

तो उडाला तसा मी निघालो. वाटेत टोपी पडली, तीही उचलली नाही. अलिबाग गाठून तार केली — "नवी जात रद्द करा. काळाच शिंजीर, पावसानंतरच्या पिसांतला."

चार दिवसांनी म्युझियमचं पत्र आलं. "तार आली म्हणून पुन्हा तपासलं. तुमचं बरोबर. दुसऱ्याच दिवशी छपाई होती! पक्षी आमच्या कपाटात आहे. डबीचं सील शाबूत होतं, पण उघडली तेव्हाच पायाला लेबल नव्हतं. आणि हे तुम्हाला तिथे बसून कळलं कसं?"

सैल गाठ, दुसरा पक्षी, कुणाची चेष्टा — सगळं लिहून एकेक खोडलं. हिराबाई म्हणते, "लिवा की, त्यानंच येऊन सांगितलं."

सत्तेचाळीससमोर तारीख आहे, जागा आहे. पुराव्याचा रकाना आजही कोरा आहे.