रिकामा बस्ता

किसन तायडे गेल्याचं मला अकोल्याच्या मोटार स्टँडवर कळलं. अमरावतीहून संत्र्यांची पिशवी घेऊन मी त्यालाच भेटायला निघालो होतो. ओळखीच्या एकाने आधी माझी खुशाली विचारली, मग पिशवीकडे बघत म्हणाला, "तायडेकडं चालले काय? तो त परवा गेला ना..." पिशवी घेऊन परत फिरणं बरं दिसेना, म्हणून तसाच त्याच्या घरी गेलो. या गोष्टीला आता महिना होत आला.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं अमरावतीच्या आकडेवारीच्या कचेरीत कारकून होतो. गावोगावची पिकं, गुरं, विहिरी यांचे कागद तिथे येत. दर गावाचा एक लाल फडक्याचा बस्ता, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. शनिवारी साहेब खुर्चीतूनच हुकूम सोडत, "नावं!" की तायडे मांडणीपुढे उभा राहून चिठ्ठ्या वाचायचा, "भातकुली... वलगाव..." आणि मी एकेका बस्त्यावर हात ठेवून "हाय" म्हणायचो. बस्ता सोडायचा नाही, हा रिवाज. नव्या कारकुनाने गाठीला हात घातला की तायडे डाफरायचा, "आत काय हाय हे कोनं इचारलं तुले? नाव आयक." तसा तो तिरसटच होता. त्याच्याशी पटायला मला दोन उन्हाळे लागले.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्याच्या गावची काही घरं जुनं गाव सोडून पलीकडच्या टेकाडावर राहायला गेली. त्यात त्याच्या आईचंही खोपट होतं. पाणी मात्र जुन्या गावातूनच आणायचं, तेही कुणाच्या मर्जीने. विहीर मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, अशा नावाची वस्ती कागदोपत्री नाही. तायडेने गुपचूप एक बस्ता बांधला, चिठ्ठीवर 'नवी वस्ती' लिहिलं आणि मांडणीत ठेवला. आत कागदाचा कपटाही नव्हता. दर शनिवारी तो ते नाव वाचायचा, मी "हाय" म्हणायचो.

मग पुण्याचे एक साहेब बदलून आले. त्यांनी रिकामे बस्ते काढायला लावले. तायडे म्हणाला, "साहेब, काहून काढता? कागद येतीन ना. नावच नसलं त विहीर कोनाले देतीन?" साहेब म्हणाले, "आधी कागद येऊ द्या." बस्ता अडगळीत गेला. पुढच्या शनिवारी तायडेने चिठ्ठी नसतानाही नेहमीच्या क्रमाने, त्याच सुरात 'नवी वस्ती' वाचलं आणि मी, सवयीचा गुलाम, मोकळ्या फळीवर हात मारून म्हटलं, "हाय!"

साहेबांनी मान वर केली. "काय आहे तिथे?"

तायडे शांतपणे म्हणाला, "जागा हाय, साहेब."

कचेरी हसली. साहेबही हसले, आणि त्या हसण्याच्या भरात बस्ता परत फळीवर आला. पुढच्या हंगामात मांडणीतल्या नावांबरहुकूम कागदांची मागणी गेली आणि तलाठ्याने वस्तीचा वेगळा कागद पाठवला. त्यानंतर विहीरही झाली, पण पाणी लागलं तेव्हा तायडेची आई नव्हती. पुढे त्याची अकोल्याला बदली झाली.

त्या दिवशी घरी त्याची मुलगी शकुन कपाट आवरत होती. कचेरीची खोड घरीही होती तर... लाल फडक्यातले छोटे बस्ते, प्रत्येकाला चिठ्ठी. शकुन वाचत होती, "घर... शकुनची शाळा... दवाखाना..." मी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होतो. मग ती थांबली.

"काका, याच्यावर 'माय' लिहलं हाय. पन आत काईच नाई. आजीचा फोटो नाई, दाखला नाई, काईच नव्हतं तिचं. काढून टाकू काय?"

पिशवी बाजूला ठेवून मी उठलो, त्या बस्त्यावर हात ठेवला.

"हाय," मी म्हटलं. "पुढचं वाच."