पेट्रोलचा काटा

माझं पोट काट्यांवर चालतं. परळीच्या वीज केंद्रात वाफेचा दाब, तेलाची उष्णता, पाण्याची पातळी दाखवणारे गोल मीटर भिंतीभर लावलेले असतात. ते खरं बोलतात की नाही हे तपासत राहणं, हीच माझी नोकरी. बायको म्हणते, माणसांशी बोलतानासुद्धा तुम्ही आधी काचेवर टिचकी मारता. म्हणू दे. टिचकीशिवाय अडकलेला काटा कळत नाही.

म्हणूनच गेल्या दसऱ्याच्या आधी वडिलांचा फोन आला आणि "गाडीचा काटा चालंना, म्हणून गाडी इकायचं ठरिवलंय" असं ते म्हणाले, तेव्हा मला हसावं की चिडावं ते कळेना. मी दोन्ही केलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. नांदूरघाटच्या पुढं आमचं गाव. उभी हयात त्यांनी एका पुढाऱ्याची गाडी चालवली. पुढाऱ्याने पांढरी नवी गाडी घेतली, तेव्हा ही जुनी, गोल पाठीची, आबांनी मागून घेतली आणि चिंचेखाली आणून उभी केली. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी गेल्या. त्या गाडीचा पेट्रोलचा काटा आमच्याकडे आल्यावर थोड्याच वर्षांत बंद पडला होता. रिकाम्याच्या खुणेवर जो टेकला, तो टेकलाच. आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्याकडे कळकाची एक लवचिक कामटी होती. ती टाकीत घालायची, बाहेर काढून ओल कुठवर आली ते बघायचं आणि निघायचं. आई मात्र गाडीत बसली, पदर सावरला, की आधी विचारायची, "हाय का पेट्रोल?" आबा म्हणायचे, "हाय." तरी मांजरसुंब्याचा पेट्रोलपंप येईपर्यंत तिचा जिवात जीव नसायचा.

दसऱ्याला गाडीची पूजा आईकडेच. बाकीचे लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमची आई आत बसून डॅशबोर्डवरच्या प्रत्येक काचेला हळदकुंकू लावायची, मग अक्षता, मग फुलाने पाणी शिंपडायची. "अगं, बाहेरनं लाव की," आबा म्हणायचे. "बाहेर नुसता पत्रा हाय, गाडीचा जीव आत असतोय," असं तिचं उत्तर ठरलेलं. मग आम्ही सगळे लिंबागणेशला आत्याकडे सोनं द्यायला जायचो. आबांची ती थोरली बहीण. आपट्याची पानं हातात पडल्याशिवाय ती जेवायची नाही.

आई गेली आणि हे सगळं थांबलं. पहिल्या वर्षी घरात सणच नव्हता. दुसऱ्या वर्षी आबांनी पानंही आणली नाहीत. बाजेवर बसायचे आणि चिंचेकडे बघायचे. जेवायला हाक मारली तर उठायचे, एवढंच. आणि आता बीडचा एक पोरगा जुन्या गाड्या लग्नाच्या फोटोंना भाड्याने द्यायचा धंदा करत होता, त्याला त्यांनी शब्द दिला होता. दसरा झाला की तो गाडी न्यायला येणार होता.

गाडीचं मला काही वाटत नव्हतं, खरंच. पत्राच तो. पण गाडी गेली की हा माणूस त्या बाजेवरून पुन्हा उठायचा नाही, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती. मी रजा टाकली, चार्ज केलेली बॅटरी सोबत घेतली, कॅनमध्ये पेट्रोल घेतलं आणि गावाला गेलो.

"काट्यापायी गाडी इकता व्हय?" मी गेल्या गेल्या विचारलं.

"आंधळी हाय ती. काय ठिवायचं तिला?"

"इतकी वर्सं आंधळीच होती की."

"तवा तुझी माय इचारायची," आबा म्हणाले. "म्हणून मी कामटी घालायचो. आता कोण इचारतंय?"

मी गाडीत वाकून त्या काट्याच्या काचेवर टिचकी मारली. मग म्हणालो, "काटा चालू करून दिला तर?"

"तर बघू."

आबांचं 'बघू' म्हणजे होकाराचा लांबचा चुलतभाऊ. मी त्यावर समाधान मानलं, बॅटरी बसवली, कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि पान्ह्यांची पिशवी उघडली.

आधी वाटलं, टाकीतला तरंगता गोळा गेला असेल. टाकीकडची वायर सोडवून उघड्या पत्र्याला टेकवली. असं केलं की काटा सरळ भरलेल्या खुणेवर जायला हवा. आबांना पुढच्या सीटवर बसवून मी मागून ओरडलो, "हालला का?"

"न्हाई."

"नीट बगा."

"अरे न्हाई म्हन्तोय तर."

म्हणजे टाकी निर्दोष. डॅशबोर्डच्या मागे हात घालून दिवा लावून बघितला, करंट येत होता. दोष काट्यातच. हीही शक्यता मनात होतीच, म्हणून बीडच्या बाजारातून एक नवा मीटर घेऊनच आलो होतो. तो जोडला. काटा झकास वर चढला. मी विजयी मुद्रेने आबांकडे बघितलं.

आबांनी चष्मा लावून त्या मीटरकडे बराच वेळ बघितलं. जुन्या मीटरचे आकडे पिवळसर, काटा बारीक. याचे आकडे पांढरे फटक, काटा जाड आणि नारिंगी. बाकीच्या मीटरांमध्ये तो उसन्या दातासारखा दिसत होता.

"चालतोय," आबा म्हणाले. "त्या बीडच्या पोराला शोभंल."

"आबा, काटा चालवायचा का त्याचं लगीन लावायचंय?"

"तू काट्याचा मानूस ना? मग नवा कावून आनला रं? जुना उघडाया येत न्हाई काय?"

मी चिडलो. पण खोटं काय बोलावं, मनातून बरंही वाटलं. आई गेल्यापासून ते इतकं भांडले नव्हते.

जुना मीटर उघडणं सोपं नसतं. काचेभोवतीची पत्र्याची कड मागे दुमडून दाबलेली असते. ती बारीक पेचकसाने कणाकणाने उचलावी लागते. घाई केली तर कड फाटते. आतल्या केसासारख्या तारेला धक्का लागला, तर मग तो मीटर नुसता शोभेचा. मी चिंचेखाली पोतं अंथरून बसलो. आबांनी बाज ओढून जवळ आणली, मग आणखी जवळ आणली, आणि शेवटी माझ्या डोक्यावर ओणवे होऊन त्यांनी माझा उजेडच अडवला.

काच उचलली तर आत सगळं लाल. मला वाटलं, गंज. बोटावर घेऊन चोळलं. गंज खरखरतो, हे तर मऊ होतं. बोट लालभडक झालं, आणि मग काट्याच्या खाली, चकतीला चिकटून अडकलेला तांदळाचा एक दाणा दिसला. हळदीने पिवळा.

काचेखालची रबराची कड वरच्या बाजूला सुकून फटीसारखी झाली होती. दर दसऱ्याला त्या फटीतून आईचं कुंकू आत गेलं होतं, शिंपडलेल्या पाण्याने थिजलं होतं, आणि कधीतरी एक अक्षता जाऊन नेमकी काट्याखाली बसली होती.

मी मीटर आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"म्हंजे हिनंच काटा धरून ठिवला," ते म्हणाले, "अन् मलाच इचारायची, हाय का पेट्रोल, हाय का पेट्रोल!"

हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. मी पुसलं नाही, कारण बोटांना कुंकू होतं.

मीटर परत घेऊन मी सवयीने आत फुंकर मारायला गेलो.

"फुकू नगंस," आबा ओरडले. मग बाजेवरून उठले, कुणी हाक मारलेली नसताना, आणि घरात गेले. आले ते आईचा करंडा घेऊन. आत थोडंसं कुंकू तसंच होतं. मी बारीक ब्रशने मीटरमधला कण न् कण कागदावर घेतला आणि आबांनी तो कागद हलक्या हाताने करंड्यात रिकामा केला. पिवळा दाणाही त्यातच टाकला.

पुढचं काम माझ्या रोजच्या हातातलं होतं. चकती पुसली, काट्याचं टोक स्पिरिटने साफ केलं, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून काचेसाठी नवी रबराची कडी कापली, पत्रा पुन्हा दुमडून बसवला. मीटर जागेवर लावून चावी फिरवली. काटा थरथरला, आळसावल्यासारखा थांबला, आणि हळूहळू वर येत पाव टाकीवर उभा राहिला.

आबांनी तरीही कामटी आणलीच. टाकीत घातली, काढली, ओल बघितली.

"खरं बोलतोय," ते म्हणाले. मग त्यांनी बीडच्या पोराला फोन लावला. "गाडी न्हाई द्यायची बाबा. घरची पूजेची हाय ती." पलीकडचा काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण आबांनी त्याला दसऱ्याला जेवायला बोलावून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर गाडी धुतलेली होती आणि तिच्या नाकावर झेंडूची माळ होती. आबा धोतर सावरत आत बसले होते. मांडीवर करंडा. बॉनेटला त्यांनी हातही लावला नव्हता. प्रत्येक काचेवर ते कुंकवाचं बोट टेकवत होते. पेट्रोलच्या मीटरपाशी आले.

"आबा, काचंवर नका लावू. आत्ताच साफ केलाय. परत आत जाईल."

त्यांनी बोट टेकवलं. वर करंड्यातली अक्षताही टाकली, तीच पिवळी.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "पुढल्या दसऱ्याला येऊन उघड. त्याच्या पुढल्यालाबी ये."

मग ते पलीकडच्या सीटवर सरकले, आपट्याची पानं मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा दाखवली. आत्या उपाशी बसली होती. मी चावी लावली. काटा वर येईपर्यंत आबा समोर बघत राहिले.

"हाय का पेट्रोल?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो.