केरबाचा कापलेला ठसा

केरबा गेल्याचं मला त्याच्या मुलाच्या आधी मोबाईलवरच्या तीन ग्रुपांनी कळवलं. सकाळी दात घासून बाहेर आलो तर 'मराठवाड्याचे थोर चित्रकार व व्यंगचित्रकार केरबा सोनकांबळे यांना भावपूर्ण आदरांजली' असं रंगीत पत्रक येऊन पडलेलं. केरबाचा फोटो कोपऱ्यात, बोटाएवढा. पाठवणाऱ्याचा फोटो मधोमध, हात जोडलेला, गॉगलसकट. पाचदहा मिनिटांत तसलीच आणखी पत्रकं आली. एकानं तर केरबाच्या फोटोऐवजी भलत्याच कुणाचा तरी लावला होता आणि खाली लोक हात जोडत चालले होते. मग नांदेडहून अशोकचा, त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले पहाटे. माय म्हणली, तुमाला कळवा." मी निघालो. लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि ज्यांचे फोटो मोबाईलवर पाहिले होते त्यांच्यातला एकही तिथं नव्हता.

केरबा सोनकांबळे हा गोड माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण गेला दीड महिना जो तो त्याला गोड करत सुटलाय. तोंडाचा फटकळ, विडीचा वास मारणारा आणि लोकांना तोंडावर तुच्छ लेखणारा माणूस. वर्गात पोरांनी फुलदाणी काढली की म्हणायचा, घरात फुलदाणी हाय का रं तुमच्या? मग कशाला काढून राहिलात? आमच्या शहरातले प्रतिष्ठित त्याला घाबरायचे आणि तरी आपलं व्यंगचित्र काढावं म्हणून मागं लागायचे. त्याचा त्याला सगळ्यात जास्त तिटकारा. माणसाला डुक्कर म्हणून काढावं तर तो मूळ चित्र मागून नेतो आणि काच लावून दिवाणखान्यात टांगतो, यांना शिवी तरी कशी द्यायची, असं तो विचारायचा. मी विषय बदलायचो. एक कारण असं की त्या टांगण्याची सुरुवात माझ्या हातानं झाली होती.

बहात्तरच्या दुष्काळात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथल्या एका साप्ताहिकात मी काम करत होतो. प्रुफं वाचायची, बातम्या लिहायच्या, मालकाला पान खायला सोबत द्यायची, सगळं मीच. केरबा मला 'संपादक' म्हणायचा. त्यात आदर किती होता ते त्याच्या आवाजावरून कळायचं. तो तेव्हा औरंगाबादेहून चित्रकलेचा कोर्स करून आलेला, इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. आठवड्याला आम्हाला एक व्यंगचित्र द्यायचा आणि उरलेल्या वेळात आपली मोठी चित्रं करायचा. कॅनव्हास कुठला मिळायला. दुष्काळी कामावर लाल मिलो ज्वारीची पोती यायची, ती रिकामी पोती उसवून, ताणून, वर सरस फासून त्यावर तो मुरमाची माती आणि काजळी चोपडायचा. पुढं मुंबईच्या कुणी त्याला 'माध्यमाचं धाडसी विघटन' म्हटलं. केरबा म्हणाला, कापड नव्हतं.

त्याची माय, गयाबाई, लातूरपासून दहाबारा मैलांवर गावी राहायची. दिवसभर खडी फोडायची, कामावर मिळेल ती सुकडी खायची आणि संध्याकाळी पाण्यासाठी उभी राहायची. गावात टँकर यायचा आणि तो गावच्या विहिरीत ओतला जायचा. आधी गावानं भरायचं. बौद्धवाड्यातल्या बायांनी काटेरी कुंपणाच्या पलीकडं थांबायचं, गावाचं झालं की कुणीतरी वरून ओतेल तेवढं घ्यायचं. धर्म बदलून सोळा वर्षं झाली होती, विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. अशाच एका संध्याकाळी पंचायत समितीचे सभापती फोटोग्राफर घेऊन टँकरबरोबर आले. पाईप हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि गेले. हे सभापती म्हणजे पुढचे 'साहेब'. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते या लेखालाही काच लावतील.

केरबा त्या दिवशी गावी होता. त्यानं जे काढलं ते मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. उजवीकडे टँकर, त्यावर फेटा बांधलेले सभापती, पोट पुढं, हातात पाईप, तोंड कॅमेऱ्याकडं. पाणी विहिरीत. मावळतीच्या उन्हात सभापतींची सावली लांबच लांब डावीकडं गेलेली आणि डावीकडं, कुंपणाच्या पलीकडं, रिकाम्या घागरी घेतलेल्या पाच बाया. सावलीचं डोकं नेमकं त्यांच्या अंगावर पडलेलं. सगळ्यात शेवटी उभी असलेली बाई म्हणजे गयाबाई. तिनं घागर डोक्यावर उपडी धरली होती, ऊन लागू नये म्हणून. केरबानं मायला सांगून ठेवलं होतं, तुझा फोटो येतोय पेपरात. ती सगळ्या वाड्यात सांगून आली होती.

तेव्हा चित्र छापायचं तर त्याचा जस्ताचा ठसा करावा लागायचा, लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेला. ब्लॉक म्हणायचे. तो हैदराबादेहून बनून यायचा. ब्लॉक आला, मालकानं पाहिला आणि म्हणाला, हे काही जमायचं नाही. इथं माझं शहाणपण जागं झालं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. मालकानं चित्रच नको म्हटलं होतं. मीच म्हणालो, डावीकडचं काढून टाकू या, बाकीचं छापू. निम्मं तर निम्मं, केरबाचं चित्र वाचेल. मालकाला ते पटलं. मशीनवर युसूफभाई होते. मी त्यांना खुणेनं दाखवलं, इथून कापा. त्यांनी ब्लॉक उलटसुलट करून पाहिला.

"जान तो इधरीच है, साब," ते बायांवर बोट ठेवून म्हणाले.

मी म्हटलं, कापा. त्यांनी करवत घेतली. ठोकळा कापायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला त्या दिवशी आपण मोठी तडजोड घडवून आणली असं वाटत होतं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, थोडं फुगवूनच.

अंक निघाला आणि कळलं की आम्ही व्यंगचित्र छापलंच नव्हतं. बाया गेल्या, कुंपण गेलं आणि उरला तो तहानलेल्या गावाला पाणी पाजणारा धीरोदात्त पुरुष. पोट तेवढं जरा मोठं. सभापतींचा माणूस दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. मूळ चित्र मिळेल का म्हणून विचारलं. ते केरबाकडं असल्यामुळं छापलेलंच मोठं करून घेतलं आणि त्याला सोनेरी फ्रेम लावली. त्यात साहेबांच्या सावलीला डोकं नाही. मानेपाशी सरळ कापलेली आहे. पन्नास वर्षं ती फ्रेम त्या दिवाणखान्यात आहे, आमदार, मंत्री, प्राचार्य, कवी तिच्यासमोर बसून चहा प्यायले आणि एकालाही ते दिसलं नाही. या मंडळींच्या नजरेबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

केरबा सोमवारी छापखान्यात आला. भांडेल म्हणून मी तयार होतो, उत्तरंही पाठ केली होती. तो बाकावर बसला, विडी पेटवली आणि गावाकडचं सांगू लागला. अंक घेऊन तो मायकडं गेला होता. आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. गयाबाईनं पदराला हात पुसून अंक घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मी कुठं हाय रं ह्याच्यात, म्हनली. मंग तिनं पान उलटून पाह्यलं... तिला वाटलं, ह्या बाजूला सभापती, तर आपण मागच्या बाजूला असू."

मागच्या बाजूला राशिभविष्य होतं. ते मीच लिहायचो, मनानं.

केरबानं एवढंच सांगितलं. मग उठून भंगाराच्या खोक्यात हात घातला, कापलेला तुकडा शोधून काढला आणि शबनम पिशवीत टाकून निघून गेला. त्यानंतर आमच्याकडं त्याचं व्यंगचित्र आलं नाही. पण बोलणं त्यानं तोडलं नाही, आणि ते मला जास्त जड गेलं. गयाबाई दोनतीन वर्षांनी वारली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता, त्यामुळं भिंतीवर लावायलाही काही नव्हतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्या दिवसांत आमच्या गावाच्या अंगात जे आलं होतं ते विचारू नका. कालपर्यंत टपरीवर उधार चहा पिणारे 'जिल्हास्तरीय' झाले. प्रत्येकाला एक समिती हवी होती आणि प्रत्येक समितीला एक सत्कार. आम्ही विशेषांक काढला. पहिल्याच पानावर तेच चित्र, खाली 'दुष्काळातील जलदाता'. समारंभात ते काढणाऱ्या चित्रकाराला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आणि मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं. त्यात मी 'कुंचल्याचा किमयागार' वगैरे जे काही लिहिलं ते इथं पुन्हा लिहीत नाही. केरबा येणार नाही असं मला वाटत होतं, मनातून तसं व्हावं असंही वाटत होतं. तो आला. साहेबांनी शाल पांघरली, त्यानं ती पांघरून घेतली. मी मानपत्र वाचून त्याच्या हातात दिलं, तेव्हा तो माझ्या कानाशी वाकला.

"संपादक, डावीकडचं कुठं हाय?"

लोक टाळ्या वाजवत होते. मी हसलो. खरंच हसलो, फोटोत आहे ते. त्या वर्षअखेरीस त्यानं नांदेडला बदली करून घेतली.

नांदेडला तो चित्रकार म्हणून मोठा झाला. पोत्यांच्या जागी कॅनव्हास आला, मुंबई-हैदराबादेत प्रदर्शनं झाली. कोरड्या नदीचं पात्र, रेल्वेचे रूळ, ओसाड रस्ता, नुसते मातीचे पट्टे... काय काढलंय ते चटकन कळत नसे. मात्र प्रत्येक चित्राच्या डाव्या कडेला, रंगाच्या थराखालून, अस्पष्ट उभ्या खुणा दिसायच्या. समीक्षकांना या खुणांनी वेड लावलं. कुणाला त्यात आदिम स्तंभ दिसले, कुणाला चैत्याचे खांब, कुणाला अस्तित्वाचे गज. मी स्वतः एका मासिकात चार पानं लिहिली, 'केरबांच्या उभ्या रेषांचं मौन' म्हणून. अंक त्याला पाठवला. त्यानं पोस्टकार्ड टाकलं, त्यावर फक्त एक गाढव काढलं होतं. गाढवाला चष्मा होता, माझा. मला वाटलं, त्याची नेहमीची थट्टा. मी ते कार्ड पाहुण्यांना दाखवत आलो, अभिमानानं. म्हणजे दिवाणखान्यात टांगणाऱ्यांतला मी वेगळा नव्हतोच.

केरबा गेल्यावर पंधरा दिवसांनी लातूरला शोकसभा झाली. साहेब आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, दोघांनी धरून आणलं. व्यासपीठावर केरबाच्या फोटोशेजारी ती सोनेरी फ्रेम मांडली होती. हार दोन्हींना घातले, फ्रेमचा हार मोठा होता. साहेब म्हणाले, "केरबानं लई जीव लावून काढलं आमाला. दुसऱ्या कुनाला न्हाई असं काढलं." सभागृह गहिवरलं. मी पहिल्या रांगेत होतो, बोलायला माझंही नाव होतं. मी उठलो आणि पाच मिनिटं केरबाच्या साधेपणाबद्दल बोललो. साधेपणा हा शब्द ऐकला की जो माणूस शिवी हासडायचा, त्याच्याबद्दल. खाली बसलो तेव्हा शेजारच्यानं हात दाबून, छान बोललात म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं नांदेडला वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी केरबाची खोली उघडून दिली. भिंतीला टेकवलेला एक कोरा कॅनव्हास होता. कोरा म्हणजे, डाव्या कडेला खाली तळहाताएवढा काळा ठसा मारलेला आणि बाकी सगळं पांढरं. मी वाकून पाहिलं. कुंपण. पाच बाया. घागरी. त्यांच्यावर पडलेलं, फेटा बांधलेल्या सावलीचं डोकं.

"नवं चित्र धरलं की पहिलं ह्ये मारायचे," वहिनी म्हणाल्या. "मंग चहा. म्हनायचे, माय उभी राहिली, आता समोर काय काढायचं ते बघू."

तर ते अस्तित्वाचे गज असे होते. साहेबाला पुसून त्या बायांच्या समोर काय असायला हवं ते तो जन्मभर काढून पाहत होता आणि आम्ही विद्वान त्याच्या मायला खांब म्हणत होतो. वहिनींनी टेबलावरचा ठसा उचलून माझ्या हातात दिला. लाकूड शाईनं काळंभोर झालं होतं, जस्ताच्या कडा झिजल्या होत्या. एक बाजू मात्र सरळ होती, युसूफभाईंच्या करवतीनं कापलेली. केरबानं माझं नाव घेऊन काही सांगून ठेवलंय का, असं मी विचारलं. वहिनी न्हाई म्हणाल्या. ठसा न्या म्हणाल्या, अशोकला त्यातलं काही कळत न्हाई.

गेला आठवडाभर तो माझ्या टेबलावर आहे. स्टॅम्प पॅडवर दाबून मी कागदावर उमटवून पाहतो. अजून नीट उमटतो, प्रत्येकीच्या लुगड्याची घडीसुद्धा. त्यातला चांगला उमटलेला एक कागद या लेखासोबत पुरवणीच्या संपादकांकडं पाठवला आहे. त्यांना एवढंच सांगणं आहे की जागा नेहमीप्रमाणं कमी पडेल, तेव्हा माझा मजकूर कापा. वरून कापा, खालून कापा, सगळा काढला तरी तक्रार नाही. ठसा तेवढा पुरा छापा. सगळ्यात शेवटी, उपडी घागर डोक्यावर धरलेली, ती गयाबाई.