खाली नावं किती?

आमचा फ्लेक्सवाला कानावर पेन्सिल ठेवतो आणि कुणाचंही मरण फुटांत मोजतो. श्रद्धांजलीचा बॅनर सांगायला कुणी आलं की विचारतो, "सहा बाय चार? खाली नावं किती?" शोकाकुल म्हणून पंचवीस जणांचे हसरे फोटो आले की चिडतो. "आता मयताला कुठं बसवू वो?"

तो, एक मुसलमान पत्रकार आणि मी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात चहा घ्यायचो. पुढाऱ्याच्या जमिनींबद्दल लिहिलं म्हणून पत्रकाराला आरे-वारेच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. त्याचा बॅनर सांगायला कुणीच आलं नाही. चौथ्या दिवशी फ्लेक्सवाल्यानं स्वतःच तो करायला घेतला.

"सर, तुमचं नाव घालू ना?"

"घरी विचारतो, उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तिकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर दिसला. शोकाकुल म्हणून खाली फ्लेक्सवाल्याचं एकट्याचं नाव होतं आणि शेजारी एक नाव मावेल एवढी कोरी जागा.

हल्ली तो चहा एकटाच पितो. इथंही मी कुणाचं नाव घातलेलं नाही, माझंसुद्धा नाही.