मुंबईला निघालेल्या जहाजाची वही

बोट चाटून पान उलटलं की नात ओरडते, “आजी, यक्!” आणि मला मार्था आठवते.

चौऱ्याऐंशी साल. बॉस्टनजवळच्या आमच्या गावात मला येऊन सहा महिने झाले होते. रोज रडायचं आणि ‘मुंबईला परत जाते’ म्हणायचं, एवढाच माझा उद्योग. पुढच्या आठवड्याचं तिकीटही काढून बसले होते, शहाणी!

लायब्ररीतल्या म्हाताऱ्या मार्थाने माझ्यासाठी काचेच्या कपाटातून एक वही काढली. शे-दीडशे वर्षांपूर्वी मिशनऱ्यांना मुंबईला नेणाऱ्या जहाजाची रोजनिशी. मी सवयीने बोट चाटलं. मार्था किंचाळलीच. जिभेवर मात्र खारट चव राहिली.

वारा, लाटा, आणि मधूनच कप्तानाची एक ओळ : पाद्र्याची तरुण बायको आजही जेवली नाही. असे चार महिने! मी विमानात दोनदा पोटभर जेवून आलेली, तरी दुःख माझंच मोठं.

शेवटच्या पानावर मुंबई बंदर आलं. माझ्या तोंडून निघालं, “उतर गं बाई, घाबरू नकोस. आमची माणसं चांगली आहेत.”

“काय म्हणालीस?” मार्थाने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

तिने वही अलगद मिटली. “आणि आमची?”

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, “तिकीट कॅन्सल करा.”