डावीकडचा नेम

औंधच्या पूर्वेला, जिथे आमचे शिवार माळात विरून जाते, तिथे एक मातीचा ताल, म्हणजे उंच बांध, आहे. पावसाने खचलेला, घाणेरीच्या मुळांनी कसाबसा धरून ठेवलेला. त्याच्या पोटाशी लाकडी फळी उभी करून, तिच्यावर ठिपका काढलेला कागद लावून माझे वडील, आबा, रोज सकाळी, चहाच्याही आधी, छऱ्याच्या रायफलीने नेम धरत. लष्करातून घरी आल्यापासूनचा त्यांचा हा नेम कधी चुकला नव्हता. यंदा तो थांबला. उन्हाळ्याच्या तोंडाशी आई गेली, आणि मागोमाग आबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला.

मिरजेत शस्त्रक्रिया नीट पार पडली. सोमवारी डाव्या डोळ्याची पाळी होती. त्यांना न्यायला मी सांगलीहून दोन दिवस आधीच आले, तर आबांनी डोळा ठीक असल्याचा डॉक्टरांचा निर्वाळा बाजूला सारलेला.

"भिंतीवरची अक्षरं वाचून काय कळतंय? माझा डोळा मी तालावर तपासणार. नेम लागला तर सोमवारी तुज्यासंगं येतो. न्हाई लागला तर दुसऱ्या डोळ्याला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

"आणि अजिबात दिसेनासं झालं म्हणजे?"

"मग तू हाईसच की, सांगायला."

शस्त्रक्रियेआधी त्यांनी रायफलीवरची दुर्बीण उतरवून ट्रंकेत ठेवली होती. ती पुन्हा चढवली की नेम नव्याने जुळवावा लागतो. एक छरा मारायचा, तो कुठे लागला ते पाहायचे, मग वर-खालीसाठी दुर्बिणीच्या माथ्यावरची आणि डावी-उजवीसाठी बाजूची अशा दोन चकत्या फिरवून आतली फुली त्या जागेकडे सरकवायची. लहानपणापासून पाहत आलेले हे काम. भुशाच्या पोत्यावर रायफल टेकली. दवाने ओल्या झालेल्या तागाचा वास आणि नळीच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळले.

पहिला छरा डावीकडे आणि खाली लागला. आबांनी बाजूची चकती फिरवली. दुसराही तिथेच. आणखी फिरवली. तिसराही तिथेच. त्यांनी दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. छऱ्यांची डबी बदलली, पोते सरकवले, श्वास रोखून पुन्हा चाप ओढला. फळीवर तोच कोरडा आवाज, आणि कागदावर तीच जागा.

मग त्यांनी रायफल मांडीवर आडवी घेतली. माळावर टिटवी ओरडून गेली.

"चकती फिरवली की मार सरकाया पायजे," ते शेवटी म्हणाले. "सरकत न्हाई म्हंजे फुलीच मला ठिकाणावर दिसत न्हाई. डोळा गेला, पोरी."

काहीतरी करायचे म्हणून मी कागद काढायला तालाकडे गेले. जुन्या कॅलेंडरचे ते पान उन्हासमोर धरले, आणि उजेड एकाच भोकातून माझ्या तोंडावर पडला. सगळे छरे एकमेकांना खेटून गेले होते. करंगळीचे टोक जेमतेम मावेल एवढीच फाटलेली जागा.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटाने ती कड चाचपली. पुन्हा चाचपली.

"ग्रुप," ते पुटपुटले. एकाच जागी खेटून लागलेल्या छऱ्यांना त्यांचा हा लष्करातला शब्द. मग मोठ्याने म्हणाले, "आंधळ्याचा ग्रुप असा पडत न्हाई गं. खोट दुर्बिणीत हाय. आईच्या शिलाई मशिनीतला बारका पेचकस आण."

बाजूची चकती निघाली. वरवर ती फिरत होती. आतला स्क्रू मात्र जागचा हललाच नव्हता. त्याच्याभोवती काहीतरी लाल, लाखेसारखे कडक साचले होते. मी नाक जवळ नेले. जुने तीळतेल, आणि त्याखाली हळदीचा मंद, मातकट वास.

खंडेनवमी. दरवर्षी आई शस्त्रांची पूजा करायची: कोयता, विळा, कुऱ्हाड, आणि पाटावर मधोमध रायफल. हळद मीच सांगलीच्या पेठेतून आणून द्यायचे, आणि तिचेच ती घरी कुंकू करायची. कोरडे कुंकू झडते म्हणून ती ते तेलात कालवायची, आणि पहिले बोट दुर्बिणीला लावायची. चकत्यांची टोपणे केव्हाच हरवली होती.

"आगं, दस्त्याला लाव, लाकडी दस्त्याला!" आबा ओरडायचे.

"तुमाला काय कळतंय? त्यो बंदुकीचा डोळा हाय. मान पयला त्येचा." आणि आणखी एक बोट.

वर्षांमागून वर्षे ते कुंकू झिरपत राहिले होते. चकती फिरवायची वेळच आली नव्हती, म्हणून कुणाला कळले नव्हते.

मी देवघरातून वाती आणल्या. त्याही तिनेच वळून ठेवलेल्या. स्कूटरमधले थोडे पेट्रोल वाटीत घेऊन आबा एकेक वात काडीला गुंडाळत, बुडवत, आत फिरवत राहिले. प्रत्येक वात लाल होऊन बाहेर येई. ती वात ते टाकून देत नव्हते, बांधावरच्या दगडावर ओळीने मांडत होते.

स्क्रू सुटला. मी फळीवर ठिपका काढलेला नवा कागद लावला. चकती बसवून फिरवताच बारीक टकटक ऐकू आली. पुढचा छरा उजवीकडे सरकला, त्यापुढचा ठिपक्याच्या सरळ रेषेत आला. फक्त चार बोटे खाली.

"वरची चकतीही अडकली असेल," मी म्हणाले. "तीही उघडू या?"

आबांनी तिच्यावर अंगठा ठेवला. कडेला लालसर रेघ दिसत होती. अंगठा तिथेच राहिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खाली लागतंय न्हवं? मी चार बोटं वर धरीन."

त्यांनी गाल दस्त्याला टेकवला आणि फुली मधल्या ठिपक्याच्या वर, कोऱ्या कागदावर धरली. छरा ठिपक्यात गेला. मी जाऊन पाहून आले आणि होकारार्थी मान डोलावली, तेव्हा ते रायफल फडक्याने पुसत होते. वरची चकती सोडून बाकी सगळी.

"सोमवारी मिरजेची गाडी कितीला हाय?" त्यांनी विचारले.