रांजणाशेजारचा सांबार

भरडलेल्या धन्यांचा वास आला की सत्तरचे दशक सरत असताना समुद्रपूरच्या सासरी काढलेला माझा पहिला उन्हाळा आठवतो. सासूबाई विषमज्वरातून उठल्या होत्या, पण जिभेची चव गेली होती, दोन घासांवर ताट सारत आणि म्हणत, "वरणावर सांबार असता त जेवली असती." माझ्या पुण्याकडची कोथिंबीर इकडे सांबार होते, हे मला तेव्हाच कळले. उन्हामुळे बाजारात ती मिळेनाशी झाली होती, म्हणून मी स्वयंपाकघरात, पाझरत्या रांजणाच्या गारव्याला, घमेल्यातल्या मातीत धने पेरले. माती ओली राहिली, पण मुकीच. कुतूहल आवरेना, एक दाणा उकरला, तर तो मण्यासारखा अखंड. खाटेवरून सासूबाई हसल्या, "अवं, अख्खेच पेरले काय? चपलीखाली रगड त्यायले! फुटल्याबिगर कोंब कसा येईन?" खायच्या वस्तूला चप्पल लावायची? मी पाय धुतले आणि नवे धने फरशीवर अनवाणी टाचेखाली रगडले. टोचत टोचत ते दुभंगले, आणि लिंबासारखा तरतरीत गंध घरभर उठला. पुढे एका सकाळी मातीला बारीक भेगा पडल्या आणि टरफलाची टोपी घातलेली हिरवी मान वर आली. पाने हाताशी येताच मी ती खुडून वरणावर घातली. सासूबाई सावकाश जेवल्या. पुढे भाषा शिकवताना शब्दांतले दुहेरी अर्थ धुंडाळण्यात माझे आयुष्य गेले, तरी रिकामे ताट पुढे करून त्या जे म्हणाल्या, त्याच्या तोडीचे काही मला सापडले नाही: "वाढ."